माती दूरची, कोळसा घरचा

इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमध्ये टन्स्टॉल, बर्स्लेम, हॅन्ली, स्टोक, फेंटन आणि लाँगटन ही सहा गावं एकमेकांना खेटून उभी आहेत. १९१० साली ती एकत्र झाली, तेच आजचं स्टोक-ऑन-ट्रेंट. चिनीमातीच्या भांड्यांचा एवढा मोठा उद्योग इथेच का वाढला? माती चांगली असणार, असं वाटतं. पण इथली माती लोहामुळे भाजल्यावर लालसर होते. पांढऱ्या भांड्यांसाठी चिनीमाती कॉर्नवॉलहून यायची, चिकट फिकी माती डेव्हन आणि डॉर्सेटहून. इथे मुबलक होता तो कोळसा. भांड्यांच्या वजनाच्या कितीतरी पट कोळसा भट्टीत जळे. तेव्हा माती कोळशाकडे आणणंच परवडणारं होतं. १७७७ साली ट्रेंट-मर्सी कालवा पूर्ण झाला आणि ही ने-आण आणखी स्वस्त झाली. शिवाय घोड्यांच्या पाठीवर फुटणारा माल बोटीतून धड पोहोचू लागला.

या कालव्यासाठी धडपडणाऱ्यांत जोसाया वेजवुड हा बर्स्लेमचा कारखानदार होता. पण मला तो आवडतो त्याच्या मोजमापाच्या वेडापायी. भट्टी किती तापली हे तेव्हा ज्वाळेच्या रंगावरून ताडत. माती तापली की आकसते, आणि एकदा आकसली की थंड झाल्यावर परत फुगत नाही. वेजवुडने मातीचे ठरावीक मापाचे तुकडे भट्टीत ठेवले आणि नंतर ते निमुळत्या खाचेत सरकवून पाहिले. तुकडा जितका आत जाईल तितकी आच जास्त. १७८२ साली त्याने ही युक्ती रॉयल सोसायटीपुढे मांडली. त्याने काढलेले तापमानाचे आकडे प्रत्यक्षाहून फारच मोठे निघाले, ही गोष्ट वेगळी! कारागिराला मात्र आकडा नको होता, मागच्या खेपेइतकीच भाजणी पुन्हा हवी होती. आकसलेल्या तुकड्यात तापमान आणि वेळ या दोन्हींचा हिशेब आपोआप येतो.

या उद्योगाने माणसंही खाल्ली. भांडी पांढरी व्हावीत म्हणून मातीत चकमकीच्या दगडाची पूड घालत. कोरड्या दळणाची धूळ कामगारांच्या फुफ्फुसात साचे. पाण्यात दळण्याचं पेटंट थॉमस बेन्सनने १७२६ मध्येच घेतलं होतं, पण धूळ इतर कामांतही उडत राहिली आणि सिलिकोसिस हा त्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार विसाव्या शतकापर्यंत टिकला. झिलईतल्या शिशाची विषबाधा वेगळीच.

भट्ट्या बाटलीच्या आकाराच्या. बाहेरची विटांची बाटली म्हणजे हवा खेचणारं धुराडं, आत घुमटाकार भट्टी. धूर आणि राख लागू नये म्हणून भांडी सॅगर नावाच्या जाड मातीच्या डब्यांत बंद करून त्यांच्या उतरंडी रचत. ऐन भरात अशा दोन हजारांहून जास्त भट्ट्या होत्या, आज पन्नासही नाहीत. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्याने धुरावर बंधनं आली आणि कारखाने गॅस-विजेकडे वळले. धूरच उरला नाही, तसं सॅगरचंही फारसं काम उरलं नाही. डबे घडवणारे आणि त्यांचे तळ ठोकून सपाट करणारी पोरं, दोघांचाही धंदा भट्टीबरोबरच बुडाला.