दुसऱ्या क्रमांकाचं गणित

फेब्रुवारी-मार्च १९८१. ब्रिटनच्या सिंगल्स चार्टवर, म्हणजे सुट्या गाण्यांच्या खपाच्या साप्ताहिक क्रमवारीत, अल्ट्राव्हॉक्स या बँडचं ‘व्हिएन्ना’ सलग चार आठवडे दुसऱ्या क्रमांकावर अडकून पडलं. पहिल्या आठवड्यात त्याच्या वर जॉन लेननचं ‘वूमन’ होतं. लेननची हत्या होऊन जेमतेम दोन महिने झाले होते, त्यामुळे ते समजण्यासारखं आहे. पुढचे तीन आठवडे मात्र वर होतं जो डोल्चेचं ‘शडाप यू फेस’, इटालियन ढंगाच्या मोडक्या इंग्रजीतलं एक थट्टेचं गाणं. २०१३मध्ये बीबीसी रेडिओ २ने दुसऱ्या क्रमांकावरच थांबलेल्या गाण्यांमधून श्रोत्यांना आवडतं गाणं निवडायला सांगितलं, तेव्हा ‘व्हिएन्ना’ जिंकलं.

अशा गाण्यांची यादी लांबलचक आहे. बॉब डिलनचं ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ १९६५मध्ये अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंतच गेलं. वर बीटल्सचं ‘हेल्प!’ ठाण मांडून होतं. सिंडी लॉपरचं ‘गर्ल्स जस्ट वाँट टु हॅव फन’ आणि ब्रूस स्प्रिंगस्टीनचं ‘डान्सिंग इन द डार्क’, दोन्ही १९८४मध्ये तिथे दुसऱ्यावरच थांबली. चार्टने चूक केली असं म्हणण्याचा मोह होतो, पण चार्टचा प्रश्नच मर्यादित असतो: या सात दिवसांत, आमच्या नियमांनी मोजलं तर, सर्वांत पुढे कोण? गाणं अजरामर होईल का, हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

आकडेशास्त्राच्या भाषेत चार्टवरचा क्रमांक ही फक्त क्रमवारी असते. वर्गात पहिला नंबर आला म्हणजे ९८ टक्के मिळाले की ६२, हे त्या नंबरावरून कळत नाही, तसंच इथे. सुस्त आठवड्यात थोड्याशा खपावर पहिला क्रमांक मिळतो, आणि गर्दीच्या आठवड्यात त्याच्या दुप्पट खपूनही गाणं दुसरं येतं. फॉरिनर या बँडचं ‘वेटिंग फॉर अ गर्ल लाइक यू’ १९८१-८२मध्ये बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या हॉट १०० या मुख्य यादीत तब्बल दहा आठवडे दुसरं होतं. त्यातले नऊ आठवडे वर ऑलिव्हिया न्यूटन-जॉनचं ‘फिजिकल’ होतं. ते एकदाचं खाली आलं, तर त्या आठवड्यात हॉल अँड ओट्सचं गाणं फॉरिनरला ओलांडून वर गेलं. २००२-०३मध्ये मिसी एलियटच्या ‘वर्क इट’नेही दहा आठवडे दुसऱ्या क्रमांकावर काढले, त्यातला बहुतेक काळ एमिनेमचं ‘लूज युअरसेल्फ’ हटायला तयार नव्हतं.

दुसरी गोम शिखर आणि क्षेत्रफळ यांच्यातल्या फरकाची. आठवड्यागणिक खपाचा आलेख काढला, तर चार्टवरचं सर्वोच्च स्थान आलेखाच्या शिखराशी बांधलेलं असतं, तर गाण्याची एकूण पोच म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ. समजा एक गाणं सहा आठवड्यांत अनुक्रमे ४०, १००, ६०, ३०, १५ आणि ५ हजार प्रती खपलं आणि विझलं. एकूण अडीच लाख, आणि दुसऱ्या आठवड्यात बहुधा पहिला क्रमांक. दुसरं गाणं वर्षभर दर आठवड्याला फक्त २० हजार खपत राहिलं. एकूण १० लाख ४० हजार, म्हणजे चौपटीहून जास्त. पण कोणत्याही एका आठवड्यात ते पहिलं येणं कठीणच. हे आकडे समजावण्यापुरते घेतलेत, पण असं प्रत्यक्षात घडतं. बिलबोर्डच्या वार्षिक यादीत संपूर्ण वर्षाचे गुण जमेस धरतात. त्या यादीत ‘वुली बुली’ (१९६५), फेथ हिलचं ‘ब्रीद’ (२०००), लाइफहाउसचं ‘हँगिंग बाय अ मोमेंट’ (२००१) आणि दुआ लिपाचं ‘लेव्हिटेटिंग’ (२०२१) ही गाणी वर्षात अव्वल ठरली, आणि साप्ताहिक यादीत यांतलं एकही दुसऱ्या क्रमांकाच्या वर गेलं नव्हतं. ‘लेव्हिटेटिंग’ एकूण ७७ आठवडे यादीत होतं.

आता मोजणीकडे वळू, कारण खरी गंमत तिथेच आहे.

ब्रिटनचा पहिला चार्ट १४ नोव्हेंबर १९५२ रोजी ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकात आला. पर्सी डिकिन्स यांनी वीसेक दुकानांना फोन करून काय खपतंय ते विचारलं आणि यादी जुळवली. पुढे इतर नियतकालिकांनीही आपापले चार्ट सुरू केले, आणि त्यांचं एकमेकांशी जुळेनासं झालं. बीटल्सचं ‘प्लीज प्लीज मी’ १९६३मध्ये ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ आणि ‘मेलडी मेकर’ दोन्हींत पहिलं होतं, ‘रेकॉर्ड रिटेलर’च्या यादीत मात्र दुसरं. नंतर १९६० ते १९६९च्या सुरुवातीपर्यंतच्या काळासाठी ‘रेकॉर्ड रिटेलर’चीच यादी अधिकृत धरली गेली, म्हणून आज हे गाणं ‘कधीच पहिलं न आलेलं’ ठरतं. २००० साली निघालेल्या ‘१’ या बीटल्सच्या संग्रहातही ते नाही. शिवाय ‘रेकॉर्ड रिटेलर’कडे सुमारे ३० दुकानांची माहिती यायची, तर प्रतिस्पर्ध्यांकडे १००हून अधिक दुकानांची.

नमुना लहान असला की काय होतं, ते करून पाहता येतं. धरून चाला की सगळ्या बाजारात ‘अ’ गाण्याचा वाटा १० टक्के आणि ‘ब’चा साडेनऊ टक्के आहे. तुमच्या दुकानांतून आठवड्याला ३००० खरेद्या नोंदल्या जातात. अपेक्षित आकडे ३०० आणि २८५, फरक १५चा. पण योगायोगाने होणारा चढउतार, म्हणजे या फरकाचं प्रमाण विचलन, साधारण ३०० अधिक २८५ यांच्या वर्गमुळाइतकं, म्हणजे २४च्या आसपास येतं. फरकापेक्षा डगमगच मोठी! गणित पुढे नेलं तर साधारण चारातल्या एका आठवड्यात ‘ब’ हे ‘अ’च्या वर दिसेल. हेही प्रत्येक खरेदी स्वतंत्र आहे असं मानून. प्रत्यक्षात एका दुकानाचे ग्राहक एकाच आवडीचे असतात, त्यामुळे चूक आणखी वाढते. दुकान नोंदणीतलं आहे हे रेकॉर्ड कंपनीला कळलं तर ती तिथे माणसं पाठवून स्वतःच्याच तबकड्या विकत घ्यायला लावते, तो भाग वेगळाच.

अमेरिकेत हॉट १०० यादी ४ ऑगस्ट १९५८ला सुरू झाली आणि पुढची तेहतीस वर्षं बरीचशी दुकानदारांच्या आणि रेडिओ केंद्रांच्या सांगण्यावर चालली. दुकानं नेमके आकडे देत नसत. आपल्याकडे काय पहिलं, काय दुसरं, तेवढं सांगत. म्हणजे अंतराची माहिती दुकानातच गळून पडायची. बारकोड वाचून प्रत्यक्ष विक्री मोजणारी साउंडस्कॅन पद्धत या यादीला लागू झाली ती ३० नोव्हेंबर १९९१ पासून.

पात्रतेचा नियम तर काही गाण्यांना सरळ दाराबाहेर ठेवायचा. डिसेंबर १९९८ पर्यंत हॉट १००मध्ये यायचं तर गाणं सुटं सिंगल म्हणून दुकानात मिळायलाच हवं होतं. एका गाण्यासाठी लोकांनी अख्खा अल्बम घ्यावा म्हणून नव्वदच्या दशकात कंपन्या सिंगल काढणंच टाळू लागल्या. परिणाम असा, की नो डाउटचं ‘डोन्ट स्पीक’ रेडिओवरच्या वाजवणुकीच्या यादीत १६ आठवडे पहिलं होतं, पण हॉट १००मध्ये त्याचं नावही नाही. नॅटली इम्ब्रूलियाचं ‘टॉर्न’ रेडिओच्या यादीत ११ आठवडे पहिलं. ५ डिसेंबर १९९८च्या यादीपासून नियम सैल झाला तोवर त्याची लाट ओसरली होती, आणि हॉट १००मध्ये ते ४२व्या क्रमांकाच्या वर गेलं नाही. गू गू डॉल्सचं ‘आयरिस’ १८ आठवडे रेडिओवर अव्वल, मुख्य यादीत नववं. लेड झेपलिनचं आठ मिनिटांचं ‘स्टेअरवे टु हेवन’ (१९७१) अमेरिकेत सिंगल म्हणून विक्रीला आलंच नाही, तेव्हा त्याने ‘चार्ट गाजवला नाही’ म्हणण्यात काही अर्थ नाही. शर्यतीत नाव नोंदवलेलंच नव्हतं.

एकाच तबकडीच्या दोन्ही बाजू तितक्याच महत्त्वाच्या असल्या तर? १९६७मध्ये बीटल्सने ‘पेनी लेन’ आणि ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ अशी जोडतबकडी काढली. अमेरिकेत दोन्ही बाजू स्वतंत्र धरल्या गेल्या: एक पहिली, दुसरी आठवी. ब्रिटनच्या अधिकृत यादीत एंगलबर्ट हम्परडिंकच्या ‘रिलीज मी’खाली दुसरा क्रमांक.

हे सगळं इतिहासजमा झालं असं समजू नका. ब्रिटनमध्ये आज स्ट्रीमिंगची गणती अशी होते: पैसे भरून सभासद झालेल्यांनी १०० वेळा ऐकलं, किंवा जाहिरातींसह फुकट ऐकणाऱ्यांनी ६०० वेळा ऐकलं, की एक विक्री. पण गाणं काही आठवडे यादीत राहून घसरणीला लागलं की त्याला दुप्पट कठोर हिशेब लागू होतो, म्हणजे २०० आणि १२००. तीन वर्षांहून जुन्या गाण्यांना हा कठोर हिशेब आपोआप लागतो. आकड्यांत: सभासदांनी आठवड्यात ६० लाख वेळा ऐकलेलं नवं गाणं ६० हजार विक्रीचं, आणि तितकंच ऐकलं गेलेलं जुनं गाणं ३० हजाराचं. कठोर हिशेबाचा हा नियम २०१७चा. त्याच वर्षी मार्चमध्ये एड शीरनच्या एकट्याच्या १६ गाण्यांनी पहिल्या २० जागा व्यापल्या होत्या. यादी तुंबू नये, नव्या गाण्यांना जागा व्हावी, हा हेतू. हेतू रास्त आहे. पण मग यादी ‘लोक सर्वांत जास्त काय ऐकतात’ एवढंच सांगत नाही, ‘नव्यातलं काय चाललंय’ याकडे झुकते, हे ध्यानात ठेवायला हवं. केट बुशचं १९८५चं ‘रनिंग अप दॅट हिल’ २०२२मध्ये एका मालिकेमुळे पुन्हा उसळलं, तेव्हा जुन्या गाण्याच्या हिशेबाने ते दुसऱ्या क्रमांकावर अडकलं. चार्ट काढणाऱ्या संस्थेने खास सूट देऊन त्याला नव्या गाण्याचं माप लावलं, आणि पुढच्या आठवड्यात ते पहिलं आलं.

नियम निर्दोष असते तरी पहिला क्रमांक गुणवत्तेची खूण ठरला असता का? मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांचा २००६मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेला प्रयोग यावर चांगला उजेड टाकतो. त्यांनी अनोळखी बँडांची ४८ गाणी एका संकेतस्थळावर ठेवली. १४,३४१ जणांनी ती ऐकून गुण दिले, हवी ती उतरवून घेतली. काहींना फक्त गाण्यांची नावं दिसत होती. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या ‘जगां’त विभागलं होतं, आणि आपल्या जगात कुठलं गाणं आधी कितीजणांनी घेतलं ते त्यांना दिसायचं. आठही जगांची सुरुवात शून्यापासून. इतरांची पसंती दिसू लागली की लोकप्रिय आणि दुर्लक्षित गाण्यांमधली दरी रुंदावली, शिवाय कोणतं गाणं वर जाईल ते जगागणिक बदललं. ५२ मेट्रो या बँडचं ‘लॉकडाउन’ एका जगात पहिलं आलं आणि दुसऱ्यात चाळिसावं. स्वतंत्रपणे निवडणाऱ्या गटात ते मधलंच होतं, २६वं. सर्वोत्तम गाणी क्वचितच तळाला गेली, टाकाऊ क्वचितच वर आली. मधल्या पट्ट्यात मात्र काहीही होऊ शकत होतं. सुरुवातीला योगायोगाने मिळालेली थोडी आघाडी पुढे स्वतःच स्वतःला वाढवत नेते.

स्मरणात राहण्याची प्रक्रिया याहून निराळी. क्रिस्टियन कँडिया आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये गाणी, चित्रपट, शोधनिबंध यांच्याकडे लोकांचं लक्ष कसं ओसरतं ते तपासलं. घसरण दोन टप्प्यांत होते: आधी वेगाने, जोवर लोक एकमेकांशी त्याबद्दल बोलत असतात, मग अतिशय संथ, जेव्हा नोंदी, ध्वनिमुद्रणं आणि पुनःप्रसारण यांवर ते टिकतं. चार्ट मोजतो तो पहिल्या टप्प्याच्याही सुरुवातीचा तुकडा. दुसरा टप्पा लग्नाच्या पार्टीतली वाजवणूक, चित्रपटांतला वापर, दरवर्षी परतणारे सण अशा गोष्टींवर चालतो.

याचं ठळक उदाहरण व्हॅमचं ‘लास्ट ख्रिसमस’. १९८४मध्ये बँड एडच्या मदतनिधीच्या गाण्यामुळे ते दुसरं राहिलं. (व्हॅमचा गायक जॉर्ज मायकेल त्या गाण्यातही गायला होता; आपल्याच वाटेत तो आडवा आला.) दर डिसेंबरला ऐकलं जात जात अखेर १ जानेवारी २०२१च्या यादीत ते पहिलं आलं, छत्तीस वर्षांनी.

तेव्हा ‘हे गाणं कधीच पहिलं आलं नाही’ असं कुणी म्हटलं, की आधी देश आणि यादीचं नाव विचारावं. क्वीनचं ‘बोहेमियन रॅप्सडी’ ब्रिटनमध्ये दोनदा अव्वल, अमेरिकेत १९७६मध्ये नववं आणि १९९२मध्ये दुसरं. मग तारीख पाहावी: १९९१च्या आधीची आहे की नंतरची, १९९८च्या आधीची की नंतरची. गाणं सिंगल म्हणून निघालं होतं का, तेही. आणि सर्वोच्च स्थानाच्या शेजारच्या रकान्यात यादीत राहिलेले आठवडे छापलेले असतात, तिकडे नजर टाकावी. गाण्याच्या आयुष्याबद्दल तो रकाना जास्त बोलतो. द किलर्सचं ‘मिस्टर ब्राइटसाइड’ ब्रिटनमध्ये २००४ साली दहाव्या क्रमांकापर्यंत पोचलं, त्याच्या वर कधीच नाही. पहिल्या शंभरात मात्र त्याने ४००हून अधिक आठवडे काढलेत. मे २०२४मध्ये ओएसिसच्या ‘वंडरवॉल’ला मागे टाकून, कधीही पहिलं न आलेल्या गाण्यांमध्ये ते ब्रिटनचं सर्वांत मोठं गाणं ठरलं, आणि तेही बराच काळ निम्म्या दराने गुण मिळत असताना.