बैल पयाला, पेन्सिल अडली

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या आमच्या शाळेत तिसरीत एक मुलगा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो वर्गात पाऊल ठेवताच सांगत सुटला, “सर, आमना बैल पयी गया!” अंगावर झूल असतानाच बैलानं दावं तोडलं, बाप मागे धावला, काका मोटारसायकल घेऊन निघाला आणि शेवटी पांझरा नदीच्या काठी बाभळीत झूल अडकली म्हणून बैल सापडला. दहा मिनिटं सगळा वर्ग कान देऊन ऐकत होता. मी म्हटलं, “आता हेच वहीत लिही.” वीस मिनिटांनी पाहिलं तर एकच ओळ होती, ‘आमचा बइल पयाला’, आणि तिच्याखाली खोडरबरानं घासून पडलेलं भोक.

अशा मुलांना आपण चटकन आळशी म्हणतो, लक्ष नाही म्हणतो. मीही बरीच वर्षं तेच म्हणत आलो आणि त्याची मला आज खंत वाटते. कारण त्या वीस मिनिटांत त्या पोरानं जेवढी मेहनत केली तेवढी वर्गात कुणीच केली नव्हती.

लिहिणं हे एक काम दिसतं, पण त्यात दोन कामं एकावेळी चालतात. एक रचण्याचं: काय सांगायचं, आधी काय, नंतर काय. दुसरं उतरवण्याचं: शब्दातले आवाज ओळखायचे, त्यांची अक्षरं आठवायची, ती हातानं काढायची. ही दोन्ही कामं मेंदूच्या ज्या क्षमतेवर चालतात तिला कार्यकारी स्मृती म्हणतात. आत्ता, या क्षणी हाताळायच्या गोष्टी ती डोक्यात धरून ठेवते आणि तिची जागा फार थोडी असते. नेल्सन कोवान या मानसशास्त्रज्ञानं 2001 मध्ये मांडलं की मोठ्या माणसालाही एकावेळी साधारण चारच गोष्टी अशा धरता येतात. लहान मुलांना त्याहून कमी.

नवा ट्रॅक्टर शिकणारा माणूस स्टीअरिंगवर बसला की बोलायचं थांबतो. दहा वर्षं चालवणारा गप्पा मारत नांगरट करतो. दोघांच्या डोक्यातली जागा सारखीच असते, पण जुन्या माणसाच्या हाताचं काम सवयीनं आपोआप होतं, त्याला जागा लागत नाही. ज्या मुलाची अक्षरं अजून आपोआप येत नाहीत, त्याची सगळी जागा ‘ब’ला मात्रा एक की दोन यातच संपते. बैल तोवर नदी ओलांडून गेलेला असतो.

आणि आपली देवनागरी काही सोपी लिपी नाही. उच्चाराशी ती प्रामाणिक आहे, हे खरं. पण चौतीस व्यंजनं आणि बारा स्वरचिन्हं घेतली तरी बाराखडीची 408 रूपं होतात. जोडाक्षरं आणखी वेगळी. ‘विद्यार्थी’ हाच शब्द घ्या, जो आपण पहिलीपासून फळ्यावर लिहितो. ‘वि’मधली इकार ऐकू येते व्यंजनानंतर, दिसते व्यंजनाच्या आधी. ‘द्य’मध्ये द आणि य एकमेकांत असे शिरलेत की मुलाला ते तिसरंच अक्षर वाटतं. ‘र्थी’मधला र कानाला आधी येतो, पण हातानं थ काढायचा, वेलांटी काढायची आणि मग वर जाऊन रफार द्यायचा. म्हणजे कानाचा क्रम एक, हाताचा क्रम दुसरा. आमच्या त्या मुलानं हा एक शब्द फळ्यावरून उतरवताना अकरा वेळा मान वर केली. मी बाजूला बसून मोजलं. सोनाली नाग यांनी 2007 मध्ये कन्नड शिकणाऱ्या मुलांवरचं संशोधन प्रसिद्ध केलं. आपल्यासारख्याच अक्षरमालेच्या त्या लिपीत सगळी अक्षरं पक्की व्हायला चौथीपर्यंतचा काळ लागतो, असं त्यांना दिसलं. आपण मात्र पहिली संपली की अक्षरओळख झाली असं धरून पुढे निघतो.

त्यात खान्देशातल्या पोरांची आणखी एक अडचण असते. अहिराणीत ‘ळ’च्या जागी बहुतेकदा ‘य’ येतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. म्हणून ‘पयाला’ ही चूक ढिसाळपणाची नाही. त्या मुलानं स्वतःच्या तोंडातला आवाज अचूक ऐकला आणि त्याच आवाजाचं अक्षर काढलं. शुद्धलेखनाचं निम्मं काम त्यानं बरोबर केलं होतं. वर लाल गोळा काढला की त्याला कळतं एवढंच, की कानावर भरवसा ठेवायचा नाही. आता मी म्हणतो, “तू म्हणतोस तसं लिहिलंस, बरोबर. पुस्तकात हा शब्द ‘ळ’नं लिहितात.” नंदुरबारकडे भिलोरी किंवा पावरी बोलणाऱ्या मुलांना तर मराठी शब्दच नवा असतो. तिथे आवाज, अर्थ आणि अक्षर तिन्ही एकदम शिकावं लागतं.

मग करायचं काय? आपला ठरलेला उपाय म्हणजे ‘दहा वेळा लिहून आण’. मूल पहिल्यांदा लिहितं ते बघून आणि उरलेले नऊ वेळा वरच्या ओळीवरून. आठवावं लागतच नाही. 1997 मध्ये व्हर्जिनिया बर्निंगर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत पहिलीतल्या, हस्ताक्षरात मागे पडलेल्या 144 मुलांवर वेगवेगळ्या पद्धती करून पाहिल्या. कुणी शिक्षकाच्या हाताची नक्कल केली, कुणी बघून उतरवलं, कुणाला कोणती रेघ आधी ते आकडे घातलेल्या बाणांनी दाखवलं. सर्वांत पुढे गेली ती मुलं, ज्यांनी बाण पाहिले, मग अक्षर झाकलं आणि आठवून लिहिलं. त्यांचा नुसता हात सुधारला नाही, मनचा मजकूर लिहिण्याची गतीही वाढली. उतरवण्याचं ओझं हलकं झालं तशी रचण्याला जागा मिळाली.

ठिपके गिरवायच्या पुस्तकांबद्दलही मला बोलायचंय. कॅरिन जेम्स यांनी 2012 मध्ये वाचता न येणाऱ्या, पाच वर्षांच्या आसपासच्या मुलांचा मेंदू एमआरआयमध्ये पाहिला. काहींनी अक्षरं स्वतः हातानं काढली होती, काहींनी गिरवली होती, काहींनी कीबोर्डवर दाबली होती. नंतर तीच अक्षरं पाहताना वाचनाशी संबंधित भाग ठळकपणे जागे झाले ते स्वतः काढणाऱ्यांचे. जेम्स यांच्या मते, मुलाचं अक्षर दर वेळी थोडं वाकडं निघतं आणि त्या वाकडेपणातूनच मेंदूला कळतं की ‘क’मध्ये नेमकं काय टिकून राहतं. म्हणून वेड्यावाकड्या अक्षराला मी आता हसू देत नाही.

आमच्या वर्गात रोज सकाळी दहा मिनिटं असतात तीन अक्षरांची. बाणांची पट्टी बघायची, पट्टी उलटी ठेवायची, लिहायचं, पट्टी सुलटी करून स्वतःच तपासायचं. बस, एवढंच. दहा वेळा नाही. पेन्सिल कशी धरलीय यावरून मी आता फार बोलत नाही. हात दुखत नसेल आणि अक्षर लागत असेल तर चालतं. डावखुऱ्या मुलाची वही थोडी उजवीकडे कलती ठेवू दिली की त्याचा हातही मोकळा होतो.

दुपारची पंधरा मिनिटं वेगळी. तेव्हा मूल सांगतं आणि मी लिहितो. अहिराणीत सांगितलं तर अहिराणीतच लिहितो. यावर पालकांनी विचारलं, “सर, मग पोऱ्या लिव्हाले कवय शिकी?” म्हणजे, मग पोरगा लिहायला कधी शिकेल? प्रश्न रास्त आहे. पण आपल्याच मातीतलं उदाहरण समोर आहे. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या रचत गेल्या, मुलगा सोपानदेव आणि घरातल्या लिहित्या माणसांनी टिपून ठेवलं, आणि त्या गेल्यानंतर 1952 मध्ये त्यांच्या कविता छापून आल्या. टिपणारं कुणी नसतं तर ते सगळं वाऱ्यावर गेलं असतं. रचण्याची ताकद हातात अक्षर नसतानाही पूर्ण असू शकते, याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. अक्षराची वाट पाहत ती ताकद दोन-तीन वर्षं गप्प बसवली तर ती वाळते.

अर्थात सगळं सरावानं सुटत नाही. महिनोन्‌महिने नेटानं करूनही मूल तिथेच राहिलं, तर आधी डोळे आणि कान तपासावेत. मग लेखनाच्या अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांमध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. असं मूल बुद्धीनं कमी नसतं, आणि परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक मागणं ही त्याच्यावर कुणी केलेली मेहरबानी नाही.

दिवाळीनंतर मी त्या मुलाला मी टिपलेली त्याची बैलाची गोष्ट परत दिली आणि म्हटलं, यातली दोन वाक्यं तू लिही, बाकी माझी राहू दे. पुढच्या आठवड्यात त्यानं चार लिहिली. संक्रांतीच्या सुमारास अख्खी गोष्ट त्याच्या अक्षरात होती, पंधरा ओळींची. झूल, बाभूळ, काकाची मोटारसायकल, सगळं होतं. ‘पळाला’ त्यानं तीनदा ‘ळ’नं लिहिलं होतं आणि चौथ्यांदा ‘पयाला’. वही देण्याआधी स्वतःच ‘य’वर रेघ मारून शेजारी ‘ळ’ काढला होता. ‘विद्यार्थी’ मात्र अजून ‘विद्याथी’च आहे. या आठवड्याच्या पट्टीवर रफार घेतलाय.