उष्णतेचा ताण आणि गव्हाच्या दाण्याची प्रत (माळवा)

गव्हाचे पीक फुलोऱ्यात किंवा दाणे भरण्याच्या काळात असताना तापमान पिकाला मानवेल त्याहून वर गेले, तर दाण्याचे वजन, त्यातील पिठूळ भाग आणि पिठाचा गुण बिघडतो. याला उष्णतेचा ताण म्हणतात. हंगामाच्या शेवटी येणारा असा ताण माळव्याच्या पठारावर नेहमीचाच आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवरच्या इंदूरला हिवाळ्याच्या रात्री थंड असतात, पण थंडी लवकर सरते. मार्चमध्ये दुपारचे तापमान ३३-३४ अंशांच्या घरात जाते, आणि उशिरा पेरलेल्या गव्हाचा दाणा नेमका तेव्हा चिकात असतो.

‘दाणा चिकात आहे’ या शेतकऱ्याच्या बोलीतच या विषयाचे मर्म आहे. चीक म्हणजे स्टार्च, दाण्याच्या वजनाचा सर्वांत मोठा भाग. पानांनी केलेली साखर ओंबीत पोहोचली की तिचे स्टार्च बनवण्यात विद्राव्य स्टार्च सिंथेज या विकराचा (एन्झाइमचा) मोठा वाटा असतो. दाण्यातले तापमान २०-२५ अंशांच्या वर जाऊ लागले की हे विकर मंदावते. साखर हाताशी असूनही तिचे पुरेसे स्टार्च होत नाही. उष्णतेने दाणा भरण्याचा वेग थोडा वाढतो खरा, पण मुदत त्याहून जास्त आखडते, आणि उबदार रात्री श्वसनात साठा खर्च करतात. बंदिस्त खोल्यांमधल्या प्रयोगांत १५ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे उत्पन्नात ३ ते ४ टक्के घट दिसलेली आहे. त्याआधी, फुलोऱ्यातच उन्हाचा तडाखा बसला तर परागकण निकामी होतात आणि ओंबीत दाणेच कमी धरतात.

इंदूरच्या मराठी घरांत हा फरक उन्हाळी वाळवणांच्या वेळी हाताला कळतो. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात, वाटून चोथा पिळून काढतात आणि गाळलेले पाणी रात्रभर निवळू देतात. सकाळी वरचे पिवळसर पाणी ओतले की तळाशी घट्ट पांढरा थर दिसतो. त्यावर करडा, मऊ थर असतो. गव्हात स्टार्चचे कण दोन आकारांचे असतात : लवकर तयार होणारे मोठे आणि मागाहून येणारे १० मायक्रॉनपेक्षा लहान. मोठे कण तळाशी बसतात. बरेचसे लहान कण प्रथिनांसह वरच्या थरात राहतात. उष्णतेचा फटका मुख्यतः या मागून येणाऱ्या कणांना बसतो, त्यांची संख्या घटते. सुरकुतलेल्या, पोचट गव्हात चोथा जास्त आणि चीक कमी निघतो, आणि गिरणीतही तेच होते : कोंडा वाढतो, रवा-मैद्याचा उतारा घटतो.

प्रथिनांच्या बाबतीत मात्र आकडा फसवतो. स्टार्च कमी झाल्यामुळे प्रथिनांची टक्केवारी आपोआप वाढते आणि कागदावर गहू चांगला दिसतो. टक्केवारीवरून प्रत ठरवण्याची सवय म्हणूनच सोडायला हवी. ग्लूटेन म्हणजे कणीक बांधून धरणारे गव्हातले प्रथिन. त्यात कणकेला ताणू देणारे ग्लायडिन आणि तिला बळ देणारे ग्लूटेनिन असते. कडक उष्णतेत ग्लायडिन बनत राहते, पण ग्लूटेनिनच्या लांब साखळ्या पुरत्या जुळत नाहीत. अशी कणीक कितीही तिंबली तरी सैल पडते. पुरणपोळी लाटताना ती पसरते आणि कडेला फाटते.

माळव्यात दोन प्रकारचे गहू पिकतात. शरबती, लोकवन यांसारखे पोळीचे गहू ४२ गुणसूत्रांचे. महाराष्ट्रात ज्याला बक्षी किंवा बन्सी म्हणतात आणि इकडे कठिया, तो ड्युरम गहू २८ गुणसूत्रांचा. काचेसारखा कडक, अंबरी दाणा आणि रव्यातला पिवळा रंग ही त्याची खूण. बाफल्यांचे, म्हणजे उकडून भाजलेल्या माळवी गोळ्यांचे, जाडसर पीठ त्याचेच चांगले. पूर्वी तो काळ्या जमिनीतल्या साठलेल्या ओलाव्यावर, सिंचनाशिवाय पिके.

इंदूरमधील संशोधनाचा वारसा जुना आहे. १९२४ मध्ये इथे वनस्पती उद्योग संस्था स्थापन झाली आणि ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ इथेच विकसित केली. त्याआधी बिहारमधील पुसा येथे त्यांनी पत्नी गॅब्रिएल यांच्यासह गव्हाचे सुधारित वाण काढले होते. भारतीय कृषी संशोधन संस्थेचे प्रादेशिक केंद्र १९५१ पासून इंदूरला आहे. तिथल्या वाणांच्या नावातले ‘एचआय’ म्हणजे हायब्रिड इंदूर. ड्युरमचा पुसा तेजस (एचआय ८७५९) आणि उशिरा पेरणीसाठीचा पोळीचा गहू पुसा अहिल्या (एचआय १६३४) ही तिथलीच देणगी.

उष्णतेत टिकणारे वाण काढणाऱ्या पैदासकारापुढे दोन वाटा असतात. एक पळवाटेची : पीक लवकर पक्व होऊन उन्हाच्या आधी सुटते. गुजरातच्या सणोसरा येथील लोकभारतीत तयार झालेला, टपोऱ्या दाण्याचा लोक-१, म्हणजे आपला लोकवन, याच गुणामुळे इतकी वर्षे टिकला. दुसरी वाट सहनशक्तीची, आणि ती जास्त कष्टाची. एकच वाण नोव्हेंबरात आणि डिसेंबरच्या अखेरीस पेरून हजार दाण्यांचे वजन किती घसरते ते पाहतात. भर दुपारी अवरक्त तापमापक धरून कोणत्या वाफ्याची पाने हवेपेक्षा थंड आहेत ते मोजतात. पाने थंड म्हणजे मुळे अजून पाणी ओढत आहेत. ओंबीखालचे पान किती दिवस हिरवे राहते आणि खोडात साठवलेली साखर दाण्याकडे किती वळते, याही खुणा महत्त्वाच्या.

सहनशक्ती शोधताना प्रत हातची जाऊ शकते. राय या धान्याच्या गुणसूत्राचा एक तुकडा गव्हात आणल्यावर ताण सोसण्याची ताकद आणि उत्पन्न वाढले; १९९०च्या दशकातील पीबीडब्ल्यू ३४३ या वाणात तो होता. पण त्याच तुकड्याने कणीक चिकट होते आणि पावाला ती चालत नाही. म्हणून सुरुवातीच्या पिढ्यांतच चिमूटभर पिठाची अवसादन चाचणी घेतात : नळीत पीठ, पाणी आणि सोडियम डोडेसिल सल्फेट हे साबणासारखे रसायन हलवून ठेवायचे आणि फुगलेल्या ग्लूटेनिनचा थर किती उंच बसतो ते मोजायचे.

१९०१ पासूनच्या नोंदींत कमाल तापमानाच्या दृष्टीने २०२२ चा मार्च देशातला सर्वांत उष्ण ठरला. त्या वर्षी पंजाब-हरियाणात सरकारी खरेदीसाठी आकसलेल्या व तुटक्या दाण्यांची मर्यादा ६ वरून १८ टक्क्यांवर न्यावी लागली आणि १३ मे रोजी गव्हाची निर्यात थांबवण्यात आली.

बटाटा किंवा मटार काढून डिसेंबरात पेरणाऱ्या माळव्यातल्या शेतकऱ्याला वाणाखेरीज आणखी एक उपाय हाती असतो. दाणा चिकात असताना, वारा पडल्यावर संध्याकाळी हलके पाणी द्यायचे. त्याने पिकाभोवतीची हवा थोडी निवते. वाऱ्यात पाणी दिले तर मात्र ओंब्यांच्या भाराने पीक लोळते.