रिचमंड, ली
रिचमंड, ली : (५ मे १८५७–१९२९). अमेरिकन बेसबॉलपटू, डावखुरा पिचर (बॅटरकडे चेंडू टाकणारा खेळाडू). जन्म ओहायो राज्यातील शेफील्ड येथे. ब्राउन विद्यापीठात शिकत असतानाच तो वूस्टर संघाकडून पैसे घेऊन खेळू लागला आणि १८८० मध्ये त्या संघाबरोबर नॅशनल लीग या अमेरिकेतील प्रमुख व्यावसायिक स्पर्धेत आला.

त्या वेळी पिचर होम प्लेटपासून (बॅटर जिथे उभा राहतो त्या जागेपासून) ४५ फुटांवर, म्हणजे अवघ्या १५ यार्डांवर उभा राही. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची असते. चेंडू सोडताना हात कमरेच्या खाली ठेवावा लागे. आठ ‘बॉल’ (बॅटरच्या योग्य टप्प्याबाहेरचे चेंडू) पडले, की बॅटरला पहिला बेस फुकट मिळे. वेगापेक्षा वळणारा आणि प्लेटजवळ एकदम खाली जाणारा चेंडू हे रिचमंडचे खरे बळ होते.

१२ जून १८८० रोजी क्लीव्हलंडचे २७ बॅटर आले आणि एकही बेसवर पोहोचला नाही. लीगच्या इतिहासातला हा पहिला ‘परफेक्ट गेम’. वूस्टरने तो १–० असा जिंकला. तेवढी एक धावही क्लीव्हलंडच्या डनलॅपच्या क्षेत्ररक्षणातील चुकीने मिळाली. बहुतेक क्षेत्ररक्षक तेव्हा उघड्या हातांनी खेळत, त्यामुळे आपल्या बाजूने एकही चूक न होणे हेच मोठे नवल. बिल फिलिप्सने उजवीकडे मारलेला चेंडू एरवी सरळ हिट (बॅटरला बेसवर पोहोचवणारा फटका) ठरला असता. पण पुढे सरकून उभ्या असलेल्या राइट फील्डर (उजव्या बाजूचा क्षेत्ररक्षक) लॉन नाइटने तो उचलून थेट पहिल्या बेसवर फेकला आणि फिलिप्स बाद झाला. नऊ इनिंगच्या (डावांच्या) त्या सामन्यात आठव्या इनिंगमध्ये पाऊस आला; नंतर ओला चेंडू लाकडाच्या भुशाने कोरडा करत रिचमंडने सामना संपवला. पाचच दिवसांनी प्रॉव्हिडन्सचा पिचर माँटी वॉर्ड यानेही असाच सामना टाकला. त्यानंतर नॅशनल लीगला पुढच्यासाठी १९६४ पर्यंत थांबावे लागले.

त्या हंगामात संघाच्या ८५ सामन्यांपैकी ७४ सामन्यांत तो पिचर म्हणून खेळला आणि सुमारे ५९० इनिंग टाकल्या. विजय ३२, पराभवही ३२. आज २०० इनिंग म्हणजे भरपूर मानतात. हा भार हाताने फार दिवस सोसला नाही. १८८१ मध्ये पिचरचे अंतर ५० फूट झाले. १८८२ मध्ये त्याला १४ विजयांमागे ३३ पराभव पत्करावे लागले. १८८३ मध्ये प्रॉव्हिडन्सकडून तो पिचर म्हणून थोडेच सामने खेळला आणि १८८६ मधील सिनसिनाटीकडचे पुनरागमनही अल्पकाळ टिकले. एकूण ७५ विजय, १०० पराभव. केवळ या आकड्यांवरून त्याला सामान्य ठरवणे अन्यायाचे आहे. कमकुवत संघाने त्याला जवळजवळ रोज मैदानात उतरवले होते.

दरम्यान त्याने वैद्यकाची पदवी मिळवली होती. काही काळ डॉक्टरकी केल्यावर तो टोलीडोत शाळाशिक्षक झाला आणि गणित व रसायनशास्त्र शिकवू लागला.