रानाचा दावा गावाने भरायचा: गोव्यातील सामूहिक वनहक्काची अर्ज प्रक्रिया

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात वनहक्काचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काजूची बाग आमच्या नावावर होणार का?" प्रश्न रास्तच आहे. पण गेली काही वर्षं वाड्यावाड्यांवर लोकांबरोबर अर्ज भरायला बसते, तेव्हा एक गोष्ट मनाला लागते. बागेचा अर्ज भरून माणसं घरी जातात आणि ज्या रानातून झरीचं पाणी, भिरंडं (कोकमाची फळं), मध, गुरांचा चारा येतो, त्या रानाचा अर्ज तसाच कोरा राहतो. तो अर्ज याच कायद्यात आहे, त्याला शुल्क नाही आणि तो गावाने भरायचा असतो. म्हणून ही माहिती मुख्यतः त्याची. वैयक्तिक दाव्याचं ओघात येईल.

कायद्याचं नाव 'अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) अधिनियम, २००६'. त्याचे नियम २००८ चे आणि त्यांत २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली. अर्जाचे नमुने तीन. 'ए' कुटुंबाचा: राहतं घर आणि कसत असलेली जमीन, जास्तीत जास्त ४ हेक्टर. 'बी' गावाच्या वापराचा: चराई, पाणवठे, मासेमारी, मध, बांबू, शिकेकाई, हिरडा यांसारखं गौण वनउत्पादन. 'सी' गावाच्या संपूर्ण रानाचा, म्हणजे परंपरेने जे रान गाव वापरत आणि राखत आला त्याचं संरक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क. 'सी' नमुना २०१२ च्या दुरुस्तीत आला. कोणी जुनी झेरॉक्स हातात दिली तर तिच्यात तो नसेल, एवढं बघून घ्या.

पात्र कोण

गोव्यात गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. या कुटुंबांनी १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनात किंवा वनावर अवलंबून राहत असल्याचं दाखवायचं. बाकीच्यांनी, म्हणजे धनगर-गवळी किंवा त्याच वाड्यावरच्या इतर समाजांनी, 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून अर्ज करायचा. त्यांच्यासाठी अट कडक आहे: त्याच तारखेच्या आधी तीन पिढ्या, पिढी पंचवीस वर्षांची, म्हणजे ७५ वर्षं. हिशेब १९३० पर्यंत मागे जातो, थेट पोर्तुगीज राजवटीत. इथे पुष्कळ जण घाबरून माघार घेतात. घाबरू नका. ७५ वर्षं मोजायची ती कुटुंबाच्या वास्तव्याची आणि वनावर विसंबण्याची. दावा केलेला तोच तुकडा ७५ वर्षं कसलेला असला पाहिजे, असं कायदा म्हणत नाही. तुकड्यावरचा ताबा मात्र १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा हवा.

गावाच्या 'सी' अर्जाला ग्रामसभेच्या सदस्यांची यादी जोडायची आणि प्रत्येक नावापुढे 'अनुसूचित जमाती' की 'पारंपरिक वननिवासी' ते लिहायचं. गावात अशी थोडीच कुटुंबं असली तरी दावा करता येतो, असं अर्जावरच छापलेलं आहे. "आमच्या गावात गावड्यांची पाचच घरं, मग कसा भरायचा?" हा प्रश्न मला किती वेळा ऐकावा लागला, म्हणून मुद्दाम लिहिते.

सुरुवात ग्रामसभेतून

अर्ज मामलेदाराकडे किंवा वनखात्याकडे द्यायचा नसतो. तो गावाच्या वनहक्क समितीकडे द्यायचा. ही समिती ग्रामसभा निवडते: १० ते १५ माणसं, दोन तृतीयांश अनुसूचित जमातीची, निदान एक तृतीयांश बायका. तुमच्या गावची समिती आहे का आणि तिच्यावर कोण आहेत, हे पंचायत सचिवाला विचारा. काही ठिकाणी समिती कागदावर असते आणि सदस्यांनाच त्याचा पत्ता नसतो. तसं असेल तर ग्रामसभेत ठराव घेऊन ती नव्याने उभी करा.

सगळ्यात अवघड पायरी गणपूर्तीची. वनहक्काच्या ग्रामसभेला सदस्यांपैकी निम्मे हजर हवेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका हव्यात आणि दाव्यांवर ठराव घ्यायचा असेल तर निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी समोर हवेत. रविवारी सकाळी पंचायतीच्या हॉलात एवढी माणसं आपोआप जमत नाहीत. माझ्या अनुभवात एकच उपाय लागू पडला: आधी आठ-दहा दिवस संध्याकाळी प्रत्येक वाड्यावर, देवळाच्या मंडपात नाहीतर कोणाच्या तरी ओसरीवर बसायचं, अर्ज मोठ्याने वाचून दाखवायचा आणि तारीख सांगायची. काजूचा हंगाम आणि शिगमो टाळा. बायका आल्या की चर्चा पाणी, लाकूडफाटा आणि भिरंडांवर येते आणि 'बी', 'सी' अर्जांतला मजकूर आपोआप तयार होतो.

पुरावे

लोक पहिल्यांदा घेऊन येतात तो एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद. त्यात कब्जेदार म्हणून सरकार किंवा वनखातं लिहिलेलं असतं आणि माणूस निराश होतो. पण ती जमीन वनजमीन आहे म्हणूनच हा कायदा लागतो. हक्काचा पुरावा दुसरीकडे शोधायचा. नियम १३ मध्ये मोठी यादी आहे आणि तिच्यातले एकापेक्षा जास्त पुरावे असले की पुरे. शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, घरपट्टीच्या पावत्या, रहिवासी दाखला, जमातीचा दाखला हे तर घ्याच. त्याशिवाय जुनी विहीर, बांध, सपाट केलेली कुमेरीची (डोंगरउतारावरच्या फिरत्या शेतीची) जागा, घराचा चौथरा, स्मशान, देवस्थान यांचे फोटो घ्या. वंशावळ लावा. दावेदार नसलेल्या वयस्क माणसाचा लेखी जबाब हाही पुरावा आहे आणि आमच्याकडे तोच सगळ्यात भक्कम ठरतो. पोर्तुगीज काळातले कागद लागले तर पणजीच्या पुराभिलेखांत शोध घेता येतो. तिथे पोर्तुगीज आणि मोडी दोन्ही वाचणारं कोणीतरी बरोबर असलं तर बरं.

एकच ठरावीक कागद पाहिजे, असा हट्ट कुठलीही समिती धरू शकत नाही. उपग्रहाचा नकाशा इतर पुराव्यांना जोड म्हणून चालतो, त्यांच्या जागी नाही. २००५ च्या नकाशात झाडोरा दिसतो म्हणून शेती नव्हती, असं सांगून अर्ज मागे आला तर हा नियम लेखी दाखवा. काजूच्या झाडांखाली वरून पाहणाऱ्याला रानच दिसणार.

'सी' अर्जाला रानाचा नकाशा लागतो. तो सर्व्हेअरने काढलेला असलाच पाहिजे, असं नाही. ओहोळ, मोठे दगड, डोंगराची कड, देवराय अशा खुणांनी गावाची शीव दाखवा, सर्व्हे नंबर ठाऊक असतील तर लिहा आणि शेजारच्या गावांची नावं द्या. शीव फिरायला जाणत्यांना घेऊन जा. एका गावात ऐंशीच्या घरातल्या आजीने वाटेवरच्या प्रत्येक झरीचं नाव सांगितलं. त्यातली निम्मी नावं कुठल्याच कागदावर नव्हती. ती तशीच अर्जात गेली. देवराय विसरू नका. सत्तरीतल्या बांबरची निरंकाराची राय बघा: रानटी जायफळीची दलदल आजवर टिकली ती गावाने देवाच्या नावाने राखली म्हणून. गाव रान राखत आला, याचा यापेक्षा मोठा दाखला काय द्यायचा? दोन गावांच्या शिवा एकमेकींवर चढत असतील तर दोन्ही समित्यांनी एकत्र बसून मिटवायचं आणि तसं लिहून घ्यायचं.

पडताळणी आणि पुढचा प्रवास

अर्ज दिल्यावर समितीकडून लेखी पोच घ्याच. एका कार्यालयात आमच्या वाड्याची अख्खी फाईल सापडेना, तेव्हा पोच असलेल्यांचेच अर्ज पुन्हा उभे राहिले.

समिती जागेवर जाऊन पाहणी करते. तिची सूचना वनखात्याला आणि महसूल खात्याला द्यावी लागते. त्यांच्या माणसांनी हजर राहून शेरा आणि सही करायची असते. ती आली नाहीत आणि मागाहून "आम्ही नव्हतो" म्हणून हरकत घेतली, तर दावा फेरपडताळणीसाठी गावाकडे येतो. दुसऱ्या खेपेलाही ती आली नाहीत तर पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम. म्हणून प्रत्येक सूचनेची प्रत तारखेसह जपा.

मग ग्रामसभेचा ठराव, तिथून उपविभागीय समिती आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हास्तरीय समिती. तिचा निर्णय या साखळीतला अंतिम. दावा अपुरा वाटला तर वरच्या समितीने परस्पर फेटाळायचा नाही, ग्रामसभेकडे फेरविचाराला पाठवायचा. नाकारलाच तर कारण लेखी आणि दावेदाराला व्यक्तिशः कळवावं लागतं. त्यावर वरच्या समितीकडे दाद मागायला ६० दिवस असतात. कुटुंबाचा हक्क मिळाला की दाखला नवरा-बायको दोघांच्या नावावर निघतो. तो वारसाने पुढे जातो, पण विकता येत नाही.

म्हादई, नेत्रावळी, खोतीगावसारख्या अभयारण्यांतल्या लोकांनी एक लक्षात ठेवावं: कायदा अभयारण्यातही लागू आहे आणि दाव्यांची पडताळणी व मान्यता पूर्ण होईपर्यंत कोणालाही हुसकावून लावता येत नाही. २४ जुलै २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करायला सांगितलं, तेव्हाच वनहक्काचे दावे शक्यतो बारा महिन्यांत निकाली काढा असंही सांगितलं. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. वाघ आला की माणूस जाणार, ही भीती मी समजते. पण दावा न भरता बसून राहिलेल्या गावाच्या हातात कागद नसतो, आणि अशा वादात बोलायला तोच कागद लागतो. ओडिशात नियमगिरीच्या डोंगराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ग्रामसभांपुढे ठेवला आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साईटच्या खाणीला नकार दिला. त्या नकाराला वजन आलं ते याच कायद्यामुळे.

'सी' हक्क मिळाल्यावर ग्रामसभेने रानाच्या राखणीसाठी स्वतःची समिती नेमायची आणि व्यवस्थापनाचा आराखडा करायचा असतो. आमच्याकडे त्यात पहिलं काम आगीचं असावं. मार्च २०२३ मध्ये म्हादईचं रान पेटलं तेव्हा शेवटी नौदलाची हेलिकॉप्टर आणावी लागली. कुठल्या वाटेने पाणवठा जवळ, कुठे पालापाचोळा साचतो, कुठला उतार वाऱ्याने आधी पेट घेतो, हे वाड्यावरच्या माणसांना ठाऊक आहे. आराखड्यात ते लिहा आणि समितीची पहिली बैठक जानेवारीत लावा, म्हणजे वणव्याच्या आधी जाळपट्टे (आग पसरू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे) काढून होतील.