मुरुमांचे डाग व चेहऱ्यावरील लाली (उपचार)

मुरूम बसल्यानंतर चेहऱ्यावर मागे राहणाऱ्या सपाट डागांवर आणि लालीवर केले जाणारे घरगुती व औषधी उपचार. मुरूम अथवा तारुण्यपीटिका म्हणजे केशपुटक आणि त्याला जोडलेली त्वक्स्नेह ग्रंथी यांचा दाह होय. दाह ओसरला तरी त्याची खूण कित्येक महिने टिकते. ती लाल डाग, तपकिरी डाग किंवा खड्डा अशी असू शकते. यांपैकी खड्डे कोणत्याही लेपाने वा मलमाने भरून येत नाहीत, म्हणून त्यांचा विचार येथे केलेला नाही.

लाल व तपकिरी या डागांमधील फरक उपचारांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. लाल डागात दाहामुळे विस्फारलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या दिसत असतात. तपकिरी डागात मेलॅनिन हे रंजकद्रव्य प्रमाणाबाहेर साठलेले असते. काचेची स्वच्छ पट्टी डागावर हलकेच दाबून धरली असता रक्त बाजूला सरून लाल डाग फिका पडतो, तर तपकिरी डाग होता तसाच राहतो. मेलॅनिन बाह्यत्वचेत असेल तर डाग तपकिरी दिसतो व काही महिन्यांत उतरतो. ते खाली अंतस्त्वचेत झिरपले असेल तर डागाला राखाडी-निळसर झाक येते आणि तो वर्षानुवर्षेही टिकू शकतो. लाल डागांना दाहोत्तर रक्तिमा या अर्थाचे स्वतंत्र नाव वैद्यकीय साहित्यात 2013 च्या सुमारास सुचवले गेले. तोवर दोन्ही डागांची गणना बहुधा एकत्रच होत असे. गव्हाळ व सावळ्या त्वचेत लाली मेलॅनिनखाली झाकली जाते आणि जांभळट किंवा नुसतीच काळपट भासते, त्यामुळे ती नजरेतून सुटते. त्वचेच्या रंगाचे, आज सहा प्रकारांत मांडले जाणारे, अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ फिट्झपॅट्रिक यांचे वर्गीकरण (1975) या संदर्भात नेहमी उद्धृत केले जाते. मात्र ते मुळात गोऱ्या रुग्णांना अतिनील किरणांची मात्रा ठरवून देण्यासाठी योजलेले होते आणि सावळ्या व काळ्या त्वचेचे प्रकार त्यात नंतर जोडले गेले. भारतीय त्वचेला सामान्यतः चौथ्या-पाचव्या प्रकारांत बसवतात. ही विभागणी ढोबळ मार्गदर्शक म्हणूनच घेणे अधिक योग्य वाटते.

सुश्रुतसंहितेत तरुणांच्या चेहऱ्यावर येणाऱ्या, सावरीच्या काट्यांसारख्या पुटकुळ्यांचे वर्णन क्षुद्ररोगांत (किरकोळ विकारांत) मुखदूषिका या नावाने आले असून कफ, वात व रक्त ही त्यांची कारणे सांगितली आहेत. या ग्रंथाच्या काळाविषयी एकमत नाही. मूळ गाभा इसवी सनापूर्वीच्या काही शतकांतील आणि उपलब्ध संस्करण इसवी सनाच्या प्रारंभीच्या शतकांतील असावे, हे मत त्यातल्या त्यात ग्राह्य धरले जाते. उपचारांत वमन (औषधाने उलटी करवणे) तसेच वेखंड, लोध्र, सैंधव व मोहरी यांचा लेप सांगितला आहे. वांग हा विकार (व्यंग) तेथे निराळा मानला आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आजही वांग आणि मुरुमांचे डाग यांची गल्लत होऊन चुकीचे उपचार केले जातात.

मुंबईच्या मराठी घरांतील उपचार साधारणपणे स्वयंपाकघर आणि सहाण यांवर चालतात. चंदन किंवा जायफळ दुधात उगाळून मुरुमावर लावणे, डाळीचे पीठ व हळद सायीत कालवून लेप देणे, मुलतानी माती गुलाबपाण्यात भिजवणे, कोरफडीचा गर चोळणे हे प्रकार सर्वपरिचित आहेत. दिवाळीपूर्वी दादर-गिरगावात विकल्या जाणाऱ्या उटण्यात नागरमोथा, वाळा, गव्हला, कचोरा यांच्याबरोबर आंबेहळद असते. आंबेहळदीची वनस्पती कोणती याविषयी मतभेद आहेत. काही लेखक कुर्कुमा अमाडा, तर काही कुर्कुमा ॲरोमॅटिका असे तिचे नाव देतात. पहिलीच्या गाठीला कैरीसारखा आणि दुसरीच्या गाठीला कापरासारखा वास येत असल्याने पहिले मत जास्त पटते. हळदीतील कुर्कुमीन प्रयोगशाळेत दाहशामक ठरले आहे. परंतु ते त्वचेतून फारसे आत शिरत नाही, आणि लेपाचा पिवळा रंग उतरेपर्यंत डाग गेला की झाकला हेही नीट कळत नाही. मुलतानी माती तेलकटपणा शोषते, डाग घालवत नाही. कोरफडीने आग शमते. चंदनाची ॲलर्जी काहींना होते, म्हणून लेप आधी कोपराच्या आतल्या बाजूस लावून पाहावा.

लिंबू, खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट यांचा वापर मात्र टाळावा. निरोगी त्वचेचा सामू (पीएच, आम्लतेचे माप) साधारण 5 च्या आसपास असतो, लिंबाच्या रसाचा 2 ते 3 आणि सोड्याच्या द्रावणाचा 8 च्या वर. त्वचेचे संरक्षक आवरण दोन्हींमुळे बिघडते. लिंबू लावून उन्हात गेल्यास त्यातील काही द्रव्ये उन्हाशी मिळून त्वचा भाजतात व नवा, अधिक गडद डाग उमटवतात. सावळ्या त्वचेत कोणतीही जळजळ नव्या डागाचे कारण ठरू शकते. डाग घासून काढण्याच्या सगळ्या उपायांवरील मुख्य आक्षेप हाच आहे.

बाजारातील द्रव्यांपैकी ॲझेलाइक आम्ल (15 ते 20 टक्के) लाली, मुरूम व तपकिरी डाग या तिन्हींवर चालते आणि गरोदरपणातही सामान्यतः सुरक्षित मानले जाते. नायसिनामाइड (4 ते 5 टक्के) मेलॅनिनचे वरच्या कोशिकांकडे होणारे वहन मंदावते. ॲडापलीन (0.1 टक्का) नवे मुरूम रोखते, पण त्याचा गुण दिसायला 8 ते 12 आठवडे लागतात, गरोदर स्त्रियांनी ते वापरू नये. नवा मुरूम येणे थांबल्याशिवाय जुन्या डागांवरील उपचारांना अर्थ राहत नाही, याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. उन्हापासून बचाव अर्थातच आवश्यक आहे. दृश्य प्रकाशानेही सावळ्या त्वचेत डाग गडद होत असल्याने लोह ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन अधिक उपयोगी पडते. मुंबईच्या दमट हवेत आणि लोकलच्या गर्दीत जाड, तेलकट क्रीम घामात मिसळून छिद्रे बुजवते, तेव्हा हे सनस्क्रीन पातळ जेलच्या स्वरूपातील असलेले बरे. केसांचे खोबरेल तेल कपाळावर ओघळूनही मुरूम येतात.

स्टेरॉइडयुक्त क्रीमचा प्रश्न याहून गंभीर आहे. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ क्लिगमन यांनी 1975 मध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन व डेक्सामेथासोन (हे स्टेरॉइड) यांचे मिश्रण अतिरंजनासाठी (त्वचेवरील गडद डागांसाठी) मांडले. त्याच धर्तीची, अधिक तीव्र स्टेरॉइड असलेली मिश्रणे भारतात गोरेपणाची क्रीम म्हणून वर्षानुवर्षे चिठ्ठीविना खपली. आरंभी डाग झपाट्याने उजळतात. नंतर त्वचा पातळ होते, केशिका (सूक्ष्म रक्तवाहिन्या) दिसू लागतात, आणि क्रीम थांबवताच चेहरा लालबुंद होऊन पुटकुळ्यांनी भरतो. अशा चेहऱ्याला भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी स्वतंत्र निदान म्हणून मान्यता दिली आहे. 2018 मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे अनुसूची एचमध्ये (चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत) घातली, त्यामुळे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. मुंबईतील केईएम, नायर, शीव व जे. जे. या रुग्णालयांच्या त्वचारोग विभागांत अशा रुग्णांवर अल्प खर्चात उपचार होऊ शकतात.

दीर्घकाळ टिकणाऱ्या लालीसाठी 585 ते 595 नॅनोमीटर तरंगलांबीचा स्पंदित रंजक लेसर (पल्स्ड डाय लेसर) वापरतात. सावळ्या त्वचेत तो मेलॅनिनमध्येही शोषला जाऊन तपकिरी डाग पाडू शकतो. म्हणून भारतीय रुग्णांत 1,064 नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर कमी धोक्याचा समजला जातो.