देशी बाभूळ की वेडी? कुरण करण्याआधी ही ओळख पक्की हवी

गायरान किंवा पडीक माळ कुरणासाठी साफ करायचं ठरलं की कुऱ्हाडी-कोयते घेतलेली माणसं काटा दिसेल ते झाड आडवं करत जातात. त्यात देशी बाभूळही जाते आणि वेडी बाभूळही. दोन पावसाळ्यांनी तिथे जाऊन पाहा. देशी बहुधा कुठेच नसते आणि वेडी पहिल्यापेक्षा दाट असते. देशी बाभळीला तोडल्यावर फुटवा फारसा येत नाही. वेडी मात्र बुडातून चार-पाच फोक काढते आणि एका खोडाच्या जागी झुडूप उभं राहतं. म्हणजे एकाच कुऱ्हाडीने ठेवायचं झाड मरतं आणि घालवायचं वाढतं.

मोठी झाडं ओळखायला सोपी आहेत. देशीला एक सरळ बुंधा, काळपट भेगाळ साल, पिवळेधमक गोल गोंडे आणि मण्यांच्या माळेसारख्या, दोन बियांच्या मध्ये आवळलेल्या शेंगा. वेडी जमिनीपासूनच अनेक खोडांनी पसरते, फांद्या भुईला टेकतात. तिचा फुलोरा बोटाएवढा लांबट, फिकट पिवळा; शेंग गवती पिवळी, गरदार आणि चवीला गोड. घोटाळा होतो तो गुडघ्याएवढ्या रोपांत, कारण तेव्हा फूल नसतं की शेंग नसते. पानाची एक काडी तोडून बघा. वेडीच्या काडीला उपकाड्यांची एक-दोन जोडीच, फार तर तीन, आणि पानं लांबट, मोकळी. देशीला अशा जोड्या जास्त आणि पानं अगदी बारीक, दाटीवाटीने लागलेली. एवढं करायचं नसेल तर शेळीला विचारा: देशीचा पाला ती ओरबाडून खाते, वेडीच्या पाल्याला सहसा तोंड लावत नाही.

वेडी मूळची अमेरिका खंडातली. गुजरातेतल्या कच्छच्या बन्नी या गवताळ भागात रणाचा खारटपणा पुढे सरकू नये म्हणून 1960-61 च्या सुमारास वनखात्याने ती मुद्दाम लावली. आज सुमारे 2,500 चौरस किलोमीटरच्या त्या गवताळ प्रदेशाचा मोठा भाग तिने गिळला आहे, आणि म्हशी पाळणारे मालधारी ती उपटून गवत परत आणायच्या मागे आहेत. सोलापूर, नगर, पुण्याच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत तिचा जोर बघितला की बन्नी फार लांब वाटत नाही.

ती काढायची तर मुळासकट. फुटवे येणारे डोळे जमिनीलगत आणि थोडे जमिनीखाली असतात. त्यामुळे बुंध्याभोवती माती उकरून वीतभर खाली, डोळ्यांच्या पट्ट्याखाली मूळ तोडावं लागतं. पहिल्या चांगल्या पावसानंतर जमीन मऊ असते, तेव्हा हे काम निम्म्या कष्टात होतं. जेसीबी झटपट उपटतो, पण जमीन उलथीपालथी करतो. तिथे लगेच गवत पेरलं नाही तर तण आधी येतं. देशी बाभळी अंतराअंतरावर राहू द्या. त्यांची सावली विरळ असते, खाली गवत वाढतं, मुळं नत्र धरतात, आणि शेंगा उन्हाळ्यात शेळ्या-मेंढ्यांना मिळतात. पण मूळच्या उघड्या माळावर नवीन बाभळी लावत सुटू नका. माळ म्हणजे झाडं हरवलेलं जंगल नव्हे.

मोकळी झालेली जागा गवताने भरली नाही तर सगळी मेहनत वाया जाते. हलक्या, कोरड्या जमिनीत अंजन आणि पवन्या ही गवतं, जरा भारी जमिनीत मारवेल गवत. अंजनाचं बी केसाळ आणि हलकं असतं, ओल्या मातीत कालवून वरच्यावर पेरावं. खोल गेलं तर उगवत नाही. पहिल्या वर्षी जनावर अजिबात सोडू नका, गवत कापून घाला. कुसळी हे गवत आपोआप येईलच. तिला कुसळं धरण्याआधी कापली तर चारा, नंतर कापली तर जनावराच्या तोंडाला आणि मेंढीच्या लोकरीला त्रास.

खरा धोका नंतर, उन्हाळ्यात येतो. वेडीच्या गोड शेंगा जनावरं आवडीने खातात आणि कठीण बी शेणातून साबूत बाहेर पडतं. मेंढ्या-शेळ्या निदान थोडं चावतात, गाईबैलांच्या पोटातून ते बरंचसं तसंच निघतं. म्हणून शेंगा खाल्लेली जनावरं नव्या कुरणावर आणण्याआधी काही दिवस गोठ्यात बांधून चारा घालावा, आणि ते शेण पूर्ण कुजल्याशिवाय कुरणात टाकू नये. देशीचं बीही असंच पसरतं, पण तिची रोपं शेळीच्या तोंडून सुटत नाहीत.

मातीतलं बी काही वर्षं उगवत राहतं. त्यामुळे निदान तीन पावसाळे, ओल असताना, कुरणात फिरून बोटभर रोपं हातानेच उपटून काढावीत. हिवाळ्यापर्यंत थांबलात तर मूळ खोल गेलेलं असतं आणि पुन्हा कुदळ लागते.